उलट्या बाजूचे धागे

आई,

गोडादऱ्याच्या खोलीत स्टोव्हवर डाळ शिजते आहे आणि तू मांडीवर साडी उलटी पसरून भरतकामाचे सुटे धागे कापते आहेस, हे मला अजून दिसतं. तुझं बघून मीही कात्री कचाकच चालवली आणि पदरावरचं अख्खं फूल उसवलं. तू हातावर चापट मारलीस. "पहिले वढी देख, मंग काप व माय!" धागा हलकेच ओढायचा, फूल आकसलं तर तो फुलाचा, ठेवायचा. नुसताच हातात आला तर फालतू. मला तुझा असा राग आला होता!

आता पर्वत पाटियाजवळ माझं स्वतःचं धागे कापायचं युनिट आहे, हाताखाली आपल्याच खानदेशातल्या बायका. श्रावणात एका गुजराती व्यापाऱ्याने लग्नसराईचा मोठा माल आणला. कात्री नको, मशीनने सरसकट धागे भादरा म्हणाला. "बेन, पाछळ कोण जोवे छे?" मागून कोण बघतं! मी एका साडीवर मशीन फिरवलं. फुलं जागच्या जागी. बायका खूश. मग बोटाने ओढून पाहिलं, तर एका पाकळीचा टाका किंचित सरकला, किंवा मला तसं वाटलं. मी माल परत पाठवला. दिवाळीपर्यंतचं काम हातचं गेलं, सगळ्यांची तोंडं उतरली. एक तर तोंडावर म्हणाली, "ताई, देवानं दिलं आणि तुम्ही लाथाडलं." मी ताठ उभी राहिले. म्हटलं, माझी आई सांगायची, "काम गयं तरी वापस येस, भरोसा गया ते येस नई." सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसल्या.

काल तो व्यापारी परत आला. दुसरीकडे मशीन मारून घेतलेल्या साड्यांची फुलं दुकानात घडी उलगडतानाच सुटत होती. "बेन, तमे साचां हतां," तुमचंच खरं होतं म्हणाला, आणि अख्ख्या हंगामाचा माल माझ्या दारात उतरवला. कात्रीनेच करा म्हणाला! आई, मी जिंकले. लाथाडलं म्हणणारीच पेढे घेऊन आली. "तुमच्या आईला पारख होती हो," म्हणाली. पारख म्हणजे पक्कं कळणं, असं मी समजत होते. प्रत्यक्षात अर्धंच कळतं, उरलेल्या अर्ध्यावर पाय रोवून उभं राहावं लागतं.

तू तर गेलीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. ते भरोशाचं वाक्य तू कधीच बोलली नव्हतीस. उभ्या उभ्या मलाच सुचलं. माझं कोण ऐकणार, म्हणून तुझ्या तोंडी घातलं. यापुढे माझ्या नावावर सांगेन.