मागच्या खोलीतला कापूस

लिहून ठेवणार फुलचंद वल्द धनराज जैन, वय अंदाजे बहात्तर, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, धंदा पूर्वी कापसाचा, हल्ली कोणताच नाही. मी शुद्धीवर आहे. मराठी चौथीतल्या कविता अजून चालीवर म्हणता येतात, म्हणजे डोकंही ठीक असावं. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही.

१. राहतं घर मी स्वकमाईतून बांधलं. ते विहिरीसह पत्नी सूरजबाई हिला पूर्ण मालकीनं देतो. मुलगा चंपालाल यानं ते गहाण टाकू नये, आईच्या सहीसाठी हट्टही धरू नये. कारण लिहितो.

कोरियात लढाई लागली तेव्हा कापूस चढतच गेला. मी अनसिंग गावाकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या घेत सुटलो आणि मागची खोली आढ्यापर्यंत भरली. शाळेत ढगांवर एक कविता होती. खोलीचं दार उघडलं की तीच ओठांवर येई, आणि विकायचं राहून जाई. बावन्न साली होळीच्या सुमारास भाव कोसळला. भरलेल्या गाड्या बाजारातून तशाच परत गेल्या. सरकी काढायचा कारखाना, जिनिंग, बंद पडलं. ज्या पेढीत आमची शिल्लक आणि सूरजबाईचे दागिने होते, ती बुडाली. मी रडलो नाही. अजूनही रडू येत नाही.

"भाव येईल," एवढंच म्हणत बसे. एकदा सूरजबाई म्हणाली, "अहो, भाव येईल तवा येईल. थंडी तं आजच हाय!" जिनिंगवर मजुरी करणारी रुपाबाई काम सुटून घरी बसली होती, तिला तिनं हाक मारली. दोघींनी सरकी काढली, रुई पिंजली, गाद्या शिवल्या. त्यावर हे घर चाललं.

२. पिंजण, सुया, दोरा रुपाबाईला. ओसरीवर बसून शिवण्याचा हक्क तिला हयातभर.

३. मेहुणे हुकूमचंद यांनी तेजीतच माल विकून टाकला, आणि ते दर लग्नात सांगितलं. त्यांना माझी काठी. सांगताना टेकायला होईल.

४. कवितांचं पुस्तक चंपालालला. पानं सुटली आहेत.

आता सुएझचा कालवा बंद पडलाय, बाहेरचा कापूस वाटेत अडलाय. परवा चंपालाल म्हणाला, "बाबूजी, या खेपेले भाव चढतेच! घर गहाण ठेवू, माल भरू." डोळे अगदी माझेच, त्या तेजीतले. मी म्हणालो, "दार लाव, वारं येऊन राह्यलं."

५. मागच्या खोलीत अजून कापूस आहे, पिवळा पडलेला. काल रामकिसन दलाल सांगून गेला, भाव बरा आहे. मला काहीच वाटलं नाही. मी गेल्यावर ती खोली उघडावी. ज्याला थंडीसाठी हवा त्याला कापूस चंपालालनं स्वतःच्या हातानं द्यावा. खोली रिकामी होईतो कोणीही बाजारात भाव विचारायला जाऊ नये.

मग त्या खोलीत चंपालालनं झोपावं. गादी त्याची आई देईल.

वाचून पाहिलं. लिहिलंय तसंच मनात आहे.

सही: फुलचंद धनराज जैन

आमच्यासमोर सही केली:
१. बाबूसिंग, शेजारी
२. धरमसिंग, गाडीवान (अंगठा)

वाशीम, १३ जानेवारी १९५७