मिसकॉलला भीक घालत नाही

३ नोव्हेंबर, रात्र

कंपालाचं कॉलेज सोडून आज बरोबर एक महिना. पश्चात्ताप शून्य. कॉम्प्युटरच्या सरांना स्वतःच्या फोनचं ब्लूटूथ बंद करता येत नव्हतं, ते मी भर वर्गात दाखवून दिलं. त्यांनी मला बाहेर काढलं. मी परत आत गेलोच नाही. नुकसान कोणाचं? कॉलेजचं.

आता इथे मसाका गावात, दादाच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत बसतो. दादा स्क्रीन बदलतो, मी माणसं बदलणार. लोक एवढाले महागडे फोन घेतात आणि वापरतात कशाला, तर वेळ बघायला! संकल्प: रोज एक टिप पुठ्ठ्यावर लिहून टपरीबाहेर लावायची, खाली माझा नंबर.

टिप १: स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, बॅटरी जास्त चालते.

संध्याकाळपर्यंत एकच चौकशी. एका बाईला उन्हात डोक्यावर धरायला पुठ्ठा हवा होता.

५ नोव्हेंबर

नाब्बोसा आली! समोरच्या बालवाडीत शिकवते. शाळेचा टॅब घेऊन आली होती. जागा संपली म्हणतो, पोरांची गाणी अडकतात. मी अर्ध्या तासात साफ केला. एकेक फोटो चार-चारदा होता, ते उडवले. न लागणारी अॅपं काढली, व्हिडिओ मेमरी कार्डावर हलवले. टॅब पळायला लागला. ती हसली. डाव्या गालावर खळी. मी पैसे घेतले नाहीत. दादाने माझ्याकडे रोखून पाहिलं, मी पुठ्ठ्याकडे पाहिलं.

मग लग्नाचं सरळ विचारूनच टाकलं. ती म्हणाली, मला काय विचारतोस? आधी आत्याला पसंत पड. आमच्यात मुलीचा नवरा आत्याच निवडते, या महिन्यात ती बाबांना नाव सांगणार आहे. तुझा नंबर दिलाय तिला. आणि हो, कायोंगोचाही दिलाय.

कायोंगो! तो बोडावाला! दिवसभर मोटारसायकलवर गिऱ्हाईकं वाहतो. फोन बटणांचा, तोही रबराने बांधलेला. म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ

डोकं फिरलंय. पुठ्ठ्यावर नंबर काय लिहिला, सकाळपासून चौदा मिसकॉल. एक घंटी, की कट. मग मी आपल्या खर्चाने परत फोन करायचा, आणि ऐकायचं काय? तर, साहेब, माझा फोन खिशात असताना बायकोच्या आईलाच का लागतो?

फुकट्यांचं गाव आहे हे. इलाज केला. आता अनोळखी नंबर आला की फोन वाजतच नाही, परस्पर कचऱ्याच्या यादीत जातो. किती सोपी सेटिंग, पण माहीत कोणाला?

टिप ५, सगळ्यात मोठ्या अक्षरांत: अनोळखी मिसकॉलला भीक घालू नका!

दादा म्हणाला, अरे बाबा, इथे मोठी माणसं घंटी देतात आणि लहान परत फोन करतात. रीत आहे ती. मी म्हणालो, म्हणूनच गाव मागे आहे. दादा म्हणाला, बरं, तू पुढे हो, येताना भाजीला मटोके केळी घेऊन ये.

आणले. पण ताठ मानेने.

१० नोव्हेंबर

आत्यांचा फोन नाही. बाई निवृत्त मेट्रन आहेत, कालुंगूला केळीच्या बागेत राहतात. शिस्तीचं माणूस. अशी बाई घंटी देऊन कट थोडीच करणार? बहुतेक व्हिडिओ कॉलच करतील. तयारी पूर्ण: पांढरा शर्ट, उजेड समोरून, फोन डोळ्यांच्या रेषेत विटेवर टेकवलेला.

तीन दिवस फोन एकदाही वाजला नाही. सेटिंग झकास चालते आहे.

१३ नोव्हेंबर

मोसमातले पहिले तळलेले नाकतोडे बाजारात आले. नाब्बोसासाठी पुडी घेऊन गेलो. तिने घेतली, पण खळी दिसली नाही. विचारलं, आत्याशी बोललास? म्हटलं, त्यांनी करू दे ना फोन, मी केव्हाचा तयार बसलोय. ती म्हणाली, तिने करायचा? तुला?

मग माझ्या मागे मागे टपरीपर्यंत आली. पुठ्ठा वाचला. दोनदा. विचारलं, हे तू लिहिलंस? म्हटलं, अक्षरसुद्धा माझंच. पुडी माझ्या हातात परत ठेवली आणि गेली.

लाजली असावी.

१५ नोव्हेंबर, सकाळी दहा

कायोंगो टपरीवर आला. त्याला चार्जर हवा होता. म्हणाला, कियेंबा, नाब्बोसाची आत्या काय बोलते रे! घंटी आली की बोडा कडेला लावतो आणि परत फोन करतो. अर्धा तास गुडघा, अर्धा तास केळी. बॅटरीच उरत नाही.

तो गेल्यावर कचऱ्याची यादी उघडली. एकच नंबर, बावीस वेळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. औषधाच्या गोळ्यांसारखा.

त्याच दिवशी, अकरा

फोन केला. स्वतःहून! म्हटलं, आत्या, मी कियेंबा. त्या म्हणाल्या, अगं बाई, पुठ्ठ्यावाला!

सगळं समजावलं. सेटिंग, अनोळखी नंबर, टेक्नॉलॉजी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाळ, बावीस हाका मारल्या तरी तू ओ देत नाहीस. उद्या तुझ्या घरात माझी पोर आजारी पडली, तर मी कुठल्या सेटिंगला हाक मारू?

म्हटलं, आत्या, मला माझी बाजू मांडू द्या. म्हणाल्या, मांड की. पण आधी सांग, माझ्या फोनमधली अक्षरं मुंगीएवढी आहेत, ती मोठी होतात का?

होतात. सेटिंगमध्ये जा, डिस्प्ले, अक्षरांचा आकार, पट्टी उजवीकडे सरकवा. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा जमलं. आत्या खूश! म्हणाल्या, गुणाचा आहेस रे पोरा, चष्म्याशिवाय दिसतंय! थांब, आलेला मेसेज वाचूनच दाखवते.

आणि वाचलं, खणखणीत, मेट्रनच्या आवाजात: आत्या, तुम्ही हो म्हणालात, माझे बाबा रडले. शनिवारी त्यांना घेऊन येतो. मागणीचा कोंबडा मोठा आहे. तुमचा कायोंगो.

एका अक्षरावरही अडखळल्या नाहीत. मी सांगितलेली सेटिंग शंभर टक्के बरोबर होती.