बाबांच्या मशीनची मेमरी

बाबा, तुमच्यामागे आईनं सिंदी मेघेतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान भाड्यानं दिलं, पण तुमचं मशीन घरी आणून ठेवलं. मागे तिचा मला हैदराबादला फोन आला. "दुपारच्याले आपोआपच सुरू होते. एकडाव येऊन पाहून जाजो."

मेमरीची पट्टी बिघडली असणार, असं मला वाटलं. पण त्या जुन्या प्रकारची पट्टी नागपूरपर्यंत शोधूनही मिळेना. मिळणार कशी? मी ज्या कंपनीत चिप तपासते, तिनंच ती बनवणं थांबवलंय. स्पर्धक कंपनीनं आमच्याहून बारीक चिप काढली, सगळ्या मोठ्या सर्व्हरना नव्या पिढीची मेमरी हवी झाली. मग जुनीसाठी कारखान्यात जागा कोण ठेवणार? आमची नवी चिप पास झाली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

लहानपणी तुमच्या काउंटरवर मी नवी पट्टी जुन्या मशीनमध्ये दाबत होते. तुम्ही हातावर चापट मारलीत. "जोर काऊन लावून राह्यली? पट्टीची खाच सरकवली कंपनीवाल्यायनं. दर पिढीले सरकवतात, नवं जुन्यात बसू नये म्हणून."

तर गेल्या महिन्यात मी घरी गेले, मशीनचा प्लग काढला, झाकण उघडलं, पट्टी बाहेर घेतली आणि तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसत बसले. बाहेर रणरणतं ऊन. आई स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडतेय. आणि मशीनचा पंखा फिरू लागतो. मेमरी नसली की मशीन नुसतं ओरडतं, हे तुम्हीच शिकवलेलं. तसंच ते ओरडलं, एकदाच, लांब. पट्टी माझ्या हातात होती. प्लग माझ्या पायाशी पडला होता.

आतून आई शांतपणे म्हणाली, "हाक मारून राह्यले ते. रोजच मारतात. ओ नको देजो फक्त."

दुसऱ्यांदा आवाज आला. मग पंखा थांबला.

पट्टी मी बसवली नाही, सोबत घेऊन आले. त्या दिवसापासून तिकडचं मशीन गप्प आहे. आई फोनवर फिरून फिरून विचारते, "तू ओ तं नाई देली ना?" मी नाही म्हणते.

हे लिहिलेलं कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. दिली होती, बाबा. अगदी हळू.