दोन होड्या आणि एकच सुकाणू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिडं शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. ते गोंधळलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत होड्यांची अदलाबदल सोडून फारसं काही बदललेलं नव्हतं.

१. खाली शिवणखोली आणि वर दोन खोल्या एवढं माझं घर. वरच्या खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या दोन्ही मुलींना, थोरलीला आणि धाकटीला, निम्मं निम्मं. शिवणखोली, मोठं टेबल आणि मशीन माझ्या भाचीला. ती माझ्यासमोर बसून शिवायला शिकली, आणि हल्ली माझी पाठ वळली की माझी शिवण उसवून पुन्हा घालते. मला दिसतं, मी बोलत नाही. जाड कापडातून सुई रेटायला तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टाही तिलाच. तो माझ्या हाताच्या मापाचा झाला आहे. आधी टोचेल, मग ऐकेल.

२. माझ्या दिरांना होडीतलं पाणी उपसायचं डबडं. त्याला भोक आहे. त्यांनी मागून नेलं तेव्हा नव्हतं.

३. आता होड्या. इथेच माझं घोडं अडतं.

माझे यजमान हयात असताना आम्ही दोघं एक जुनी होडी घ्यायला गेलो होतो. धक्क्याला दोन बांधलेल्या होत्या, लांबीला सारख्याच. एक रुंद पोटाची. आत दोघांना पाय पसरून झोपता येईल, स्टोव्हवर चहा करता येईल. दुसरी शर्यतीची, अरुंद, हलकी, उंच डोलकाठीची, बसायलाही धड जागा नाही. ह्यांना पहिली हवी होती, मला दुसरी.

"हिच्यात बसून जायचं कुठे?" ह्यांनी विचारलं.

"आणि तुमच्या तिच्यात बसून पोचायचं कधी?"

विकणारा जांभई देत म्हणाला, "तुमचं ठरलं की हाक मारा." ठरलं नाही, म्हणून दोन्ही घेतल्या. घराच्या छपराचं काम तेव्हापासून राहिलं आहे. ह्यांच्या होडीला मी गादी म्हणू लागले. माझी टिटवी झाली, कारण वारा भरला की तिची डोलकाठी ओरडते.

पहिल्या मृत्युपत्रात टिटवी थोरलीला होती, कारण शर्यतींची हौस तिला. दुसऱ्यात धाकटीला, कारण हौस थोरलीची असली तरी वारा कळतो धाकटीला. शिवाय थोरलीला दोन लेकरं, ती गादीत मावतील. पण गादीत बसली की थोरली लगेच सुस्कारे टाकायला लागते. तिसऱ्यात मी पुन्हा उलटं केलं, कारण धाकटीला निवांत भटकायला आवडतं. मग आठवलं, गादी संथ लाटेवर अशी डुलते की धाकटीला मळमळतं, टिटवीत कधी नाही. टिटवी वाऱ्याच्या तोंडावर चढत जाते, गादी आडवी घसरते. तरी आभाळ फाटलं तर मी स्वतः गादीतच बसेन. कोणती चांगली, हे मला अजून सांगता येत नाही.

४. सुकाणू. त्याची हकीकत लिहिणं भाग आहे.

एका शर्यतीत दोघी टिटवीत होत्या. शेवटच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालताना होडी उलटली आणि तिचं सुकाणू मोडलं. थोरली म्हणते, धाकटीने शिडाचा दोर वेळेवर सोडला नाही. धाकटी म्हणते, थोरलीने न सांगता होडी वळवली. दोघी निथळत धक्क्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आई, तू बघत होतीस ना? सांग हिला."

"हो, सांगच. होऊन जाऊ दे."

मी शीड बघत होते. नवं होतं, मीच शिवलेलं. वरची शिवण ताण घेते का, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसत होतं. शिवण टिकली. तिच्याखाली पोरींनी काय केलं ते मला खरंच माहीत नाही. दोघींना वाटतं, मी दुसरीला पाठीशी घालते.

तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत. जिची चूक तिने नवं सुकाणू करून घ्यावं, हे मात्र दोघींचं एकमत, म्हणून ते झालं नाही. ह्यांनी जाण्यापूर्वी गादीचं सुकाणू दोन्ही होड्यांना बसेल असं करून ठेवलं. एक होडी पाण्यात गेली की दुसरी धक्क्याला. मुली वेगवेगळ्या दिवशी येतात आणि ते माझ्याकडून मागून नेतात.

"ती येऊन गेली का?" थोरली विचारते.

"तिलाच विचार."

"नको. राहू दे."

धाकटी एवढंही विचारत नाही; फक्त सुकाणू ओलं आहे का ते हात लावून बघते. मी नसले की हे कोणाकडे मागणार?

५. माझी वकील मैत्रीण म्हणाली, "अगं, एकदाचं ठरव. मृत्युपत्रात 'बघू' असं लिहिता येत नाही." म्हणून ठरवते. टिटवी, गादी आणि सुकाणू ही तिन्ही दोघींच्या सामाईक मालकीची राहतील. त्यांची वाटणी करू नये. कोणती होडी कोणी कधी न्यायची ते दोघींनी समोरासमोर बोलून ठरवावं. नवऱ्यांबरोबर निरोप, चिठ्ठी, फोनवरचा मजकूर चालणार नाही.

"सामाईक मालकी म्हणजे भांडणाचं मूळ," मैत्रीण म्हणाली.

मला माहीत आहे. भांडायला तोंड उघडावं लागतं.

६. मृत्युपत्राची अंमलबजावणी हीच मैत्रीण करील. तिने मुलींमध्ये निवाडा करू नये. टिटवीचं मोडलेलं सुकाणू माझ्या पलंगाखाली जुन्या शिडात गुंडाळून ठेवलं आहे. नवं करून घ्यायचं झालं तर माप घ्यायला दोन्ही तुकडे जोडून धरावे लागतील. एकटीच्या हातांनी ते होत नाही, मी करून पाहिलं आहे. चूक कोणाची ते ठरलं नाही तरी चालेल. माप तेच येईल.

वरचं सगळं मी पुन्हा वाचलं. गोंधळ तसाच आहे, पण लिहिलं आहे ते मला हवं तेच आहे.

सही: शिडं शिवणारी, दोघींची आई

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही:
साक्षीदार पहिले: दोर वळणारे शेजारी (सही)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: शिवणखोली, मोठं टेबल
दिनांक: ९ मार्च २०२४