तिसऱ्या डब्यातली पाचर

सोमवार, ४ मार्च २०२४

बाबा,

मी ठीक आहे. तुमचा गुडघा कमी दुखत असेल अशी आशा आहे. आधी जे झालं ते लिहिते.

१. गुरुवारी, २२ फेब्रुवारीला सकाळी ७.४२ला आपल्या कारशेडची एक जुनी करडी गाडी वळणावरच्या स्टेशनातून सुटली. फाब्रिस चालवत होता.
२. तिसऱ्या डब्याच्या दारात एका बाईंच्या कोटाची बाही अडकली. दार पूर्ण मिटलं नाही.
३. तरीही सगळी दारं मिटल्याचा दिवा फाब्रिससमोर लागला.
४. बाई अकरा मीटर फरफटल्या. खुबा मोडला. जिवंत आहेत.
५. गाडी शेडमध्ये आल्यावर दारांच्या दिव्याला जोडलेल्या रिलेची पेटी पहिल्यांदा मी उघडली.
६. दोन तासांनी चौकशीवाले आले. त्यांच्या चाचणीत दिव्यात दोष निघाला नाही.

पाच आणि सहाच्या मधलं बोलायला मी काल फोन केला होता. तुम्ही वाटाणे पेरल्याचं सांगत राहिलात.

तिसऱ्या डब्याच्या रिलेत पुठ्ठ्याची पाचर होती. चिकोरी कॉफीच्या खोक्याचा पुठ्ठा, चार घड्या, वर पेन्सिलीने ९ ऑक्टोबर २०१९. तारीख घातली की सोय तात्पुरती ठरते, हे तुम्हीच मला शिकवलंत. तिच्यामुळे त्या डब्याचं दार उघडं असलं तरी दिव्याला पत्ता लागत नव्हता. मी ती काढून खिशात घातली. त्यामुळे गाडी खरी ठरली आणि फाब्रिस खोटा. न बघता गाडी सोडली म्हणून त्याला कामावरून दूर ठेवलंय. पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा आहे.

शुक्रवारी तो कँटीनमध्ये आला होता. "सोलेन, दिवा लागला होता गं. अठ्ठावीस वर्षं बघतोय, मला दिवा कळत नाही होय?"

मी कॉफी ढवळत राहिले. शेजारी तिएरी होता, तुमच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "या गाड्या न् हिचे बाबा, दोघांना रिटायर करून भागत नाही. जाताना काहीतरी मागे ठेवतातच." तो गंमत करत होता की नाही, मला कळलं नाही.

आणखी एक. जानेवारीच्या तपासणीत मी ती पाचर पाहिली होती. अक्षर ओळखलं, झाकण लावलं, 'ठीक' लिहून सही केली. जूनमध्ये या गाड्या भंगारात जाणार, तोवर निभेल असं धरलं.

ही नोकरी मला तुमच्या शब्दावर मिळाली. माझ्या कपाटावर अजून तुमच्या नावाची पट्टी आहे. पाचर आत आहे. रोज कुलूप ओढून बघते. बोलले तर तुम्ही अडकता, गप्प राहिले तर फाब्रिस. सुटका मला कुठल्याच बाजूने नाही.

बुधवारी, १३ तारखेला माझी साक्ष आहे. माझी सही आणि मी लपवलेली पाचर, दोन्ही सांगणार आहे. अक्षर कुणाचं, हे ते विचारतीलच. ते माझ्या तोंडून येण्याआधी तुमच्या हातचं पत्र तिथे पोचावं, असं मला वाटतं. लिहिणार की नाही, एवढंच मंगळवार, १२ मार्चपर्यंत कळवा.

तुमची मुलगी,
सोलेन