एक्कावन्नांतला एक

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसे आहेत? (खोकल्याला आता घरातलाच माणूस समजायला हरकत नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य मी दर पत्रात डोळे मिटून लिहितो, पण मागच्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पेन अडलं असतं.

तुला ठाऊकच आहे, मी समाजशास्त्र शिकवणारा माणूस. आमचे संख्याशास्त्राचे सर वर्ष अर्ध्यावर टाकून गेले आणि प्राचार्यबाईंनी तो विषय माझ्या गळ्यात मारला. का, तर म्हणे माझा स्वभाव शांत आहे. (गणिताच्या पेपराआधी मी कपाटामागे लपायचो आणि तू मला पायाला धरून ओढायचीस, हे त्यांच्या कानावर गेलेलं दिसत नाही.) वर्गातली पोरंही गणिताला भिऊनच आमच्या शाखेत आलेली. शिकवणारा भित्रा आणि शिकणारे पळपुटे, असा आमचा संसार.

तर सोमवारी तासाला निघालो आणि प्रयोगशाळेतून फोन आला. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं होतं. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना भेटून घ्या," एवढं बोलून तिथल्या बाईंनी फोन ठेवला. आजाराचं नाव लिहीत नाही, नाहीतर तू शेजारणीला विचारत बसशील. दुर्मिळ आहे आणि वाईट आहे, एवढं पुरे.

आणि दैवाची थट्टा बघ, त्या दिवशी शिकवायचं काय, तर एखादी गोष्ट घडली आहे असं धरून दुसरीची शक्यता कशी काढायची. पुस्तकातलं उदाहरण रोगाच्या चाचणीचंच! खडू उचलला आणि मांडलं. हजार माणसांत एकाला आजार. चाचणी त्याला हमखास पकडते, पण निरोगी माणसांपैकीही शंभरात पाचांना उगाच पकडते. म्हणजे पन्नासेक निरोगी आणि एक आजारी, अशा एक्कावन्न जणांच्या हातात तोच वाईट रिपोर्ट, आणि त्यांत खरा आजारी एकच! लिहिता लिहिता मलाच हायसं वाटलं. ताई, जन्मात पहिल्यांदा गणितावर माझी माया जडली.

ती जेमतेम दोन मिनिटं टिकली. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, सगळ्यांना आडवे प्रश्न विचारते म्हणून तिला वकीलबाई म्हणतात. ती उभी राहिली.

"सर, हे हजार लोक कोण?"

"कोणीही. रस्त्यावरचे."

"पण धडधाकट माणूस कशाला रक्त तपासायला जाईल? काहीतरी त्रास होतो म्हणूनच जाईल ना? मग त्यांच्यात आजारी हजारात एक कसा? जास्तच असणार."

प्रश्न बिनतोड होता. मी "शाब्बास" म्हणालो आणि खुर्चीचा आधार घेतला. मुंग्या येत होत्या म्हणूनच तर मी गेलो होतो! शंभरात दहा आजारी धरून पुन्हा मांडलं, तर पॉझिटिव्ह आलेल्या पंधरांतले दहा खरोखरच आजारी निघाले. पोरांना या विषयाची इतकी गोडी लागलेली मी कधी पाहिली नव्हती. "सर, वीस धरून बघू या!" असं मागचे बाकही ओरडायला लागले. पोरं एकेक आकडा चढवत होती आणि फळ्यासमोर मी बुडत होतो.

घरी हिला सगळं समजावायला लागलो तर ही म्हणाली, "आकडे राहू देत. दुसऱ्या तपासणीला कधी जायचं ते बोल." आणि मला धरून मोठ्या दवाखान्यात नेलंच. हाताला सुया-तारा लावून झाल्या आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. तिथे आणखी सात-आठ जण होते. सवयीने मी अंदाज बांधायला लागलो, यांतला तो एक कोण असेल? मग लक्षात आलं, तेही माझ्याकडे बघून तेच करतायत. ही माझा तोच हात घट्ट धरून होती. घाम कोणाचा, ते कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "तो आजार नाही. कोपरापाशी नस दबली आहे. तासन्‌तास टेबलावर कोपर टेकून बसता का?"

"बसतो," मी म्हणालो, "संख्याशास्त्र वाचत."

बाहेर आल्यावर ही इतकी रडली, की बाकावरच्या मंडळींचे चेहरे पांढरे पडले. मला परत जाऊन सांगावं लागलं, की अहो, बातमी चांगली आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : आईला सगळं कळलं आहे. (माझ्याच तोंडून निसटलं.) ती विचारते, "पहिला रिपोर्ट चुकला, तर दुसरा बरोबर कशावरून?" दुसरी तपासणी जास्त खात्रीची कशी, हे मी कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवताना मला घास नीट उचलता येतो का, ते बघत बसली. चार दिवस येऊन तेवढी तिची समजूत काढ.

पुन्हा ता. क. : वर आईबद्दल लिहिलंय ते खरं मानू नकोस. तिने दुसऱ्याच दिवशी विषय सोडला. जेवताना हाताकडे बघत बसतो तो मी. तू ये.