तिसऱ्या टेबलाचा खोटा पूर्वज

३ जून १९५७, सोमवार. दुपारी ४

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. हेस्टर व्हायनिंग म्हणाली, लायमन, तुझं अक्षर चांगलं आहे.

पूर्ण वाक्य असं होतं: तुझं अक्षर चांगलं आहे, तर नुसता लोळू नकोस, ही पानं तपासून दे. पण दुसरा भाग कामापुरता. पहिला मनापासूनचा.

पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून नोंद: मी लायमन हॅस्किट, वय वीस. कॉलेज फेब्रुवारीत सोडलं. लॅटिनच्या प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून हसं केलं, तेव्हा मी पुस्तक खिडकीबाहेर भिरकावलं. खिडकी बंद होती. वडील एवढंच म्हणाले, आत्याकडे जा. ते जास्त बोलतच नाहीत. माझ्याकडे बघतात तेसुद्धा माझ्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं.

तेव्हापासून मी नॉर्थ एल्डममध्ये, लव्हिनिया आत्याच्या दिवाणखान्यातल्या कोचावर. आत्या हॅस्किट वंशज मंडळाची चिटणीस आहे. १६५१ साली ओबडाया हॅस्किट जहाजातून उतरून इथे आला. त्याच्यापासून आजपर्यंत जन्मलेल्या प्रत्येकाला आत्याकडे नंबर आहे. माझा २८४६. वंशावळीचं जुनं पुस्तक १९०१ सालचं, म्हणून आता नवीन निघतंय. आत्याच्या कार्डांवरून हेस्टर ते टाइप करते. पोस्टमास्तरांची मुलगी. तिच्याबद्दल सावकाश लिहीन. घाई नाही.

४ जून. सकाळी

संकल्प. पहाटे सहाला उठणे. राग आला की वीसपर्यंत मोजणे. ऑगस्टपर्यंत हेस्टरला मागणी घालणे.

(आज उठलो साडेनऊला. पण संकल्प त्यानंतर केला, त्यामुळे मोडला असं म्हणता येणार नाही.)

११ जून. दुपारी

पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही. एकेक मूल दोन-दोनदा टाइप करते. नवव्या पानावर एबेनेझर दोनदा. चौदाव्यावर एकाच घरात तीन मर्सी! कुठल्या आईला तीन मर्सी लागतील? आत्याच्या नजरेला पडलं तर हेस्टरची हजेरी घेतली जाईल. म्हणून मी कुणालाही न सांगता जादाची पोरं तांबड्या शाईनं, पट्टी लावून, खोडून टाकली आणि पानं सरळ पेटीत तळाशी ठेवून दिली. खोडलेली रेघसुद्धा माझी सरळ असते.

खरं प्रेम असंच असतं. त्याची पावती मागायची नसते. तरी कधीतरी सहज तिला कळेल अशी व्यवस्था करावी लागेल.

२० जून. दुपारी ३

हे नीट लिहून ठेवतो.

पान २१२. आमचं घर. वडिलांच्या नावाखाली तिनं लायमन दोनदा टाइप केलंय. लायमन, आणि खाली पुन्हा लायमन! पहिल्या ओळीत जन्माचं वर्षही चुकवलंय, पुढे आणखी काहीतरी भलतंच. मन थाऱ्यावर नसणार. मुलगी एखाद्याचं नाव उगीच दोनदा टाइप करत नाही.

पान उराशी धरून थोडा वेळ बसलो. मग वरची ओळ खोडली. जरा जास्तच जोर लागला, शाई फुटली. भावना आवरल्या नाहीत.

४ जुलै. संध्याकाळी ६

स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत हेस्टर रोलंड हॅस्किटच्या ट्रकमध्ये पुढे बसली होती. एका ग्लासातून दोघं लिंबू सरबत पीत होते. ग्लास दोन असतील. उन्हामुळे नीट दिसलं नाही.

हा रोलंड तिसऱ्या टेबलाचा. ओबडायाला चार मुलगे. ऑगस्टमधल्या मेळाव्याला प्रार्थनाघरासमोरच्या गवतावर चार लांब टेबलं मांडतात, प्रत्येक मुलाच्या वंशाचं वेगळं. आम्ही थोरल्या जॉनचे, पहिलं टेबल. रोलंडचे लोक तिसऱ्या मुलाचे, एबेनेझरचे. बाहेरची मुलगी मेळाव्याला ज्याच्या शेजारी त्याच्या टेबलावर बसली, तिचं तिथे ठरलं म्हणायचं. वेगळी घोषणा करायची पद्धत नाही. माझी आईसुद्धा आधी बसली आणि मग तिला अंगठी आली.

रात्रीच्या जेवणाचे वाटाणे सोलताना आत्या म्हणाली, रोलंडनं यंदा एक खुर्ची जास्त मागितली आहे.

वीसपर्यंत मोजलं. सत्तरपर्यंत गेलो.

९ जुलै

रोलंडला गाठून तोंडावर सांगितलं, हिंमत असेल तर समोर ये. तो समोरच होता, ब्लूबेरी पाय, ती निळ्या फळांची गोड पेस्ट्री, खात. म्हणाला, येतो की, पण आधी एक तुकडा घे, तुझं तोंड उतरलंय. घेतला नाही. मग त्यानं विचारलं, भांडायचं कशावरून आहे, म्हणजे मला तयारी करता येईल. ओठ निळे असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. परत आलो.

१८ जुलै. दुपारी १

सापडला! रोलंड हॅस्किट संपला!

मी संशोधक आहे हे मला आज कळलं. सायकलनं जुन्या दफनभूमीत गेलो. सायकल नव्या बाजूच्या एका बुटक्या दगडाला टेकवली आणि भिंतीपलीकडे ओबडायाच्या थडग्याजवळचे दगड खरवडत बसलो. शेवाळाखाली पाटीच्या दगडावर लख्ख अक्षरं: एबेनेझर, ओबडाया आणि जोआना हॅस्किट यांचा मुलगा, वय वर्षं चार, १६७१.

चार वर्षांचा असताना वारला! आणि पुस्तकात ह्याच एबेनेझरला नऊ मुलं! मेलेल्या पोराला नऊ मुलं! तीनशे वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे तिसऱ्या टेबलाचे सव्वाशे लोक कोण? कुणीही! वाटेवरचे! रोलंडला टेबलच नाही. टेबल नाही म्हणजे खुर्ची नाही. खुर्ची नाही तर हेस्टर बसणार कुठे? पहिल्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताला. उजवा हात भाषणाला मोकळा लागेल.

२३ जुलै. सकाळी

गुप्तता पाळतोय. हेस्टरला फक्त एवढंच म्हणालो, की मेळाव्यात भूकंप होईल. तिनं टाइपरायटर थांबवून बघितलं. म्हणाली, लायमन, जे काही सापडलंय ते सगळ्यांसमोर मांडण्याआधी मला एकदा दाखव. काळजी करते. दाखवलं नाही, आश्चर्य कमी झालं असतं.

नाष्ट्याला आत्यानं विषय काढला होता, की त्या काळी लेकरं पटापट जायची रे, आणि मग आईबाप काय करायचे, तर... मी मध्येच म्हणालो, आत्या, सकाळी सकाळी रडगाणी नकोत, आणि दाढी करायला गेलो.

१० ऑगस्ट

भाषणाची तालीम, कोंबड्यांसमोर. पूर्ण शांतता. एक तर शेवटी उठून निघून गेली, इतका परिणाम.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९

निळा कोट. हवा छान. पहिल्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवली आहे. आज संध्याकाळी काय लिहीन याची मलाच उत्सुकता आहे.

१७ ऑगस्ट. संध्याकाळी ५

लिहायलाच पाहिजे का? स्वतःला शिक्षा म्हणून लिहितो.

मक्याची कणसं वाढली गेली तेव्हा बाकावर उभा राहिलो. म्हणालो, मित्रांनो, तिसऱ्या टेबलाचा पूर्वज चार वर्षांचा असताना वारला आहे! मग हे समोर जेवत बसलेले लोक कोण?

दुसऱ्या टेबलावरच्या बहिऱ्या असाहेलकाकांनी बायकोला विचारलं, पोरगा काय म्हणतोय? काकू ओरडली, म्हणतोय की रोलंडचे लोक जन्मलेच नाहीत! काका म्हणाले, जन्मले नाहीत तर हॅम कुणी संपवलं?

चारही टेबलं हसायला लागली. रोलंड हातातलं कणीस खाली ठेवून म्हणाला, लायमन, एवढंच सांग, आम्ही आता जेवायचं की उठायचं?

मला वाटलं तो घाबरलाय.

आत्या उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, खाली उतर, दिवट्या. तो एबेनेझर गेला, दोन वर्षांनी पुढचा मुलगा झाला, त्याचं नाव पुन्हा एबेनेझर ठेवलं. मूल गेलं की त्याचं नाव पाठच्याला द्यायचे त्या काळी. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही एबेनेझर नवव्या पानावर आहेत. हेस्टर, काढून दाखव त्याला.

टाइप केलेल्या पानांची पेटी सगळ्यांनी बघावी म्हणून मांडून ठेवली होती. हेस्टरनं नववं पान काढलं. मग चौदावं. मग पुढची, भराभर. तांबड्या रेघा लांबूनही दिसत होत्या. सरळ होत्या.

ती माझ्यावर ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिनं पेटीचं झाकण लावलं, पेटी काखेत घेतली आणि तिसऱ्या टेबलावर रोलंडच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं तिच्यासाठी कणीस सोलून ठेवलं होतं.

मी धरून ठेवलेल्या खुर्चीवर कुणीतरी बटाट्याच्या सॅलडचं पातेलं ठेवलं. दिवसभर तेच माझ्या डावीकडे होतं.

१८ ऑगस्ट, रविवार. दुपारी

आत्यानं मोजलं. एकतीस. मी एकतीस मुलं खोडली.

ओरडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, त्यांना पुस्तकात एकच ओळ असते रे. मोठं व्हायला, लग्न करायला, जमिनीवरून भांडायला त्यांना सवड कुठे मिळाली? एक ओळ. तीही तुला सलली?

मग पान २१२ माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे खोडताना तुझ्या मनात काय आलं?

खरं ते सांगितलं. हेस्टरनं माझं नाव दोनदा टाइप केलं असं वाटलं म्हणालो. मोठ्यानं म्हटल्यावर ते कसं ऐकू येतं ते इथे लिहीत नाही.

आत्यानं पान हातानं सरळ केलं. मग म्हणाली, तुझ्याआधी एक लायमन होता, बाळा. अकरा महिन्यांचा होऊन गेला. दोन्ही वेळा नाव मीच सुचवलं, घराण्यात चालत आलंय म्हणून. दुसऱ्यांदा तुझे वडील नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? म्हणाली, तुझ्या वडिलांनी शपथ घातली होती. पण पुस्तकात मी त्याला घातलं. पुस्तकातून कुणाला गाळायचा अधिकार मला नाही.

कुठे आहे तो, विचारलं. म्हणाली, जुन्या दफनभूमीला लागून नवीन बाजू आहे ना, भिंतीशी. बुटका दगड आहे, बघितला असशील.

बघितला नाही. सायकल टेकवली.

१९ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

हेस्टर दहाला आली. टाइपरायटर घेऊन जायला. रोलंड बाहेर ट्रकमध्ये थांबला होता. आत आला नाही. हे त्यानं चांगलं केलं असं मला वाटलं आणि तसं वाटल्याचा रागही आला. वीसपर्यंत मोजलं. या वेळी वीसला थांबता आलं.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, ते राहू दे, बुधवारी पानं छापखान्यात जायचीयत. एवढी पानं मी पुन्हा टाइप करणार नाही. तू खोडलेल्या ओळींच्या वर हातानं लिही. छापणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. तुझं अक्षर चांगलं आहे.

तेच वाक्य. या वेळी पूर्ण ऐकलं.

दारापर्यंत पोचवायला गेलो. जाताना म्हणाली, दोनशे बारावं पान टाइप करताना मला वाटलं होतं तुला माहीत असेल. मी म्हणालो, हो, म्हणजे नाही. एवढंच सुचलं. सबंध उन्हाळ्यात मी तिच्याशी बोललो त्यात हेच काय ते खरं.

१९ ऑगस्ट. दुपारी ४

तीस झाले. एबेनेझर. मर्सी, मर्सी. थँकफुल नावाची मुलगी, जगली सहा दिवस. एकाचं नावच ठेवलेलं नव्हतं, नुसतं मुलगा. तो मी जरा सावकाश लिहिला.

एकतिसावा अडलाय. पान २१२ वर शाई फुटल्यामुळे तारीख वाचता येत नाही. आत्याच्या कार्डावर नुसतं वर्ष आहे. तिला तारीख पाठ आहे हे मला चेहऱ्यावरून दिसतंय, पण म्हणाली, पाठ असलेलं चालत नाही, दगडावर काय आहे ते उतरवून आण. वडिलांना विचारू का म्हटलं, तर म्हणाली, आधी दगडाला विचार.

कागद घेतलाय. पेन्सिल घेतलीय. सायकल नेत नाही.

आत्या स्वयंपाकघरातून ओरडतेय की जातोस तर जा, पण दार लावून घे, कोंबड्या आत येतात. उठतो, बाहेर पडतो आणि लावून घेतो.